मुर्सी स्त्रियांची ओठातली चकती: लेखातील काही विधाने तपासून हवी आहेत

शब्दवेल्हाळ

नमस्कार.

एका त्रैमासिकाच्या विशेषांकासाठी आलेला, इथिओपियातील मुर्सी लोकांच्या शरीरालंकारांवरचा लेख सध्या माझ्याकडे संपादनासाठी आहे. लेखकाने कष्ट घेतले आहेत आणि लेखाची भाषाही सरस आहे. परंतु त्यातली काही विधाने इतक्या ठामपणे केलेली आहेत की वाचताना शंका येते. अंक निघाल्यावर शुद्धिपत्र देत बसण्यापेक्षा आधीच जाणकारांना विचारलेले बरे, म्हणून हा धागा काढत आहे.

लेखात म्हटले आहे की मुलीच्या खालच्या ओठातली चकती जितकी मोठी, तितका तिच्या वडिलांना मिळणारा 'हुंडा' मोठा. (इथे गुरे वराकडून वधूच्या घरी जातात, त्यामुळे हुंडा हा शब्द उलटा पडतो, मी तो बदलून 'देज' केला आहे. शब्द दुरुस्त झाला, पण विधान खरे आहे का?) पुढे असे लिहिले आहे की गुलामांच्या व्यापाऱ्यांनी बायका पळवून नेऊ नयेत म्हणून त्यांना मुद्दाम कुरूप करण्यातून ही चाल पडली. तिसरी गोष्ट छायाचित्राची. त्यात एका स्त्रीच्या ओठात चकती, डोक्यावर रानडुकराचे सुळे, गुरांची शिंगे आणि फळांचे घोस असा थाट आहे, आणि खाली ओळ दिली आहे, 'दैनंदिन पारंपरिक वेशातील मुर्सी स्त्री'. एवढा भार डोक्यावर घेऊन कोणी रोज ज्वारी दळत असेल, हे मला पटत नाही.

शब्दांचाही प्रश्न आहे. लेखकाने कुठे 'ताटली', कुठे 'तबकडी', तर कुठे 'ओष्ठपट्टिका' असे लिहिले आहे आणि ओठ कापण्याला 'विद्रूपीकरण' म्हटले आहे. हा शेवटचा शब्द मला फार खटकतो. कृपया मार्गदर्शन करावे.

नदीपार

आपण छापण्याआधी विचारलेत हे फार चांगले केले, कारण ही तिन्ही विधाने वर्षानुवर्षे एका लेखातून दुसऱ्या लेखात उतरत आली आहेत आणि आता ती इतक्या ठिकाणी सापडतात की पुरावा मागायचे कोणाला सुचतच नाही. मुर्सी जिथे राहतात त्या ओमो नदीच्या खोऱ्याविषयी मी बरीच वर्षे वाचत आलो आहे, त्या आधारावर लिहितो.

मुर्सी लोक स्वतःला 'मुन' म्हणवतात, एकाच माणसाविषयी बोलायचे असेल तर 'मुनी'. (आपल्या मुनी या शब्दाशी त्याचा काही संबंध नाही, हे तळटिपेत सांगावे लागेल.) इथिओपियाच्या नैर्ऋत्य भागात, ओमो आणि मागो या दोन नद्यांच्या मधल्या प्रदेशात त्यांची वस्ती आहे. २००७ च्या जनगणनेत त्यांची संख्या सुमारे ७,५०० भरली. गुरे हे त्यांचे खरे धन आहे. पण पोटाला लागणारे धान्य, म्हणजे मुख्यतः ज्वारी, ते पावसावर आणि ओमोचा पूर ओसरल्यानंतर काठावर राहिलेल्या ओलाव्यावर पिकवत आले.

आता चकतीकडे येतो. मुलगी पंधरा-सोळा वर्षांची झाली की तिची आई किंवा वस्तीतली दुसरी एखादी स्त्री तिचा खालचा ओठ कापते आणि कापलेल्या जागी लाकडाची खुंटी बसवते. जखम भरायला साधारण तीन महिने लागतात. त्यानंतर आधीच्यापेक्षा थोडी जाड खुंटी, मग आणखी जाड, असे करत ओठ ताणला जातो. तो किती ताणायचा हे ती मुलगी स्वतः ठरवते, आणि हा मुद्दा आपल्या लेखात यायलाच हवा. काही मुली लहान चकतीवर थांबतात, तर काही जिद्दीने १२ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी चकती बसेल इथपर्यंत जातात. बरोबरीच्या मुलींचे डोळे तिच्यावर असतात, त्यामुळे हा निर्णय पूर्णपणे मोकळेपणी होतो असे मी म्हणणार नाही. पण मोजमाप बाप किंवा होणारा नवरा ठरवत नाही.

याच कारणाने देजाचे विधान टिकत नाही. कित्येक मुलींची सोयरीक ओठ कापण्याआधीच ठरलेली असते. जी चकती अजून घडलेली नाही, तिच्या आकारावरून गुरे कशी मोजणार? मुर्सींमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून संशोधन केलेले मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड टर्टन यांनी देजाच्या व्यवहाराचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्यांच्या नोंदीप्रमाणे आदर्श देज ३८ गुरांचे मानले जाते आणि ती गुरे वधूच्या आईकडच्या व वडिलांकडच्या नातेवाइकांमध्ये ठरलेल्या हक्कांप्रमाणे वाटली जातात. त्या हिशेबात ओठाच्या मापाला जागा नाही.

गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या कथेला ऐतिहासिक पुरावा नाही. तिच्यामागचे गृहीतक मात्र उघड आहे: बघणाऱ्याला जे कुरूप वाटते ते करणाऱ्यालाही कुरूपच वाटत असणार. अमेझॉनच्या खोऱ्यातले कायापो पुरुष खालच्या ओठात लाकडी चकती घालत आले आहेत, उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या त्लिंगित आणि हैदा स्त्रिया ओठात अलंकार घालीत आणि त्यांच्यात तो उच्च कुळाची खूण मानला जाई. या सगळ्यांनी कोणत्या व्यापाऱ्याला घाबरून ओठ कापले होते? चाड या आफ्रिकी देशातल्या, ओठात चकती घालणाऱ्या सारा जमातीच्या स्त्रियांची हकिकत तर अधिकच क्लेशदायक आहे. १९३० मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या सर्कशीने त्यांना तंबूत उभे करून त्यांचे प्रदर्शन मांडले, आणि त्यांच्या खऱ्या नावाऐवजी 'उबांगी' हे एका नदीचे नाव त्यांना चिकटवले. ओठातल्या चकतीकडे पाहण्याची बाहेरच्या जगाची सवय अशा तंबूंमध्ये घडलेली आहे.

माझ्या मते लेखात सर्वांत जास्त जागा द्यायला हवी ती चकती केव्हा घालतात आणि केव्हा काढतात याला. ती दिवसभर ओठात नसते. पुरुषांना जेवण वाढताना, गाईचे दूध काढताना, लग्नात, नाचात आणि काठ्यांच्या द्वंद्वाच्या मेळ्यात ती घातली जाते. लग्न न झालेल्या मुली चारचौघांत जाताना ती आवर्जून घालतात, नव्या नवऱ्या मुलीही घालतात. वय वाढत जाते तशी ती क्वचित दिसू लागते आणि नवरा गेल्यावर बाजूला ठेवली जाते. चकती घातलेली स्त्री ताठ मानेने, सावकाश आणि डौलात चालते. चकती असूनही जेवण वाढताना ती न घालणारी स्त्री आळशी आणि बेफिकीर समजली जाते. म्हणजे या अलंकाराला स्थळकाळाचे भान आहे, आणि छायाचित्रात नेमके तेवढेच हरवते.

मातीचे_हात

मी कुंभारकाम करते, त्यामुळे मानववंशशास्त्रातले मला फारसे कळत नसले तरी वस्तूविषयी थोडे लिहिते.

या चकत्या बहुतेक मातीच्या असतात, काही लाकडाच्या असतात, आणि मातीच्या चकत्या स्त्रिया स्वतः घडवतात. चाक नाही, भट्टी नाही. हाताने थापायची, वाळवायची आणि उघड्या जाळात भाजायची. हे ऐकायला सोपे वाटेल, पण उघड्या जाळात सपाट वस्तू वाकू न देता आणि तडकू न देता भाजणे अवघड असते. जाडी एकसारखी नसेल तर एक कड आधी सुकते, दुसरी मागे राहते, आणि जाळ लागला की मधूनच चीर जाते.

चकतीची खरी करामत तिच्या कडेत आहे. विहिरीवरच्या रहाटाच्या चाकाला दोर बसण्यासाठी जशी खोबण असते, तशी खोबण चकतीच्या कडेने सगळीकडून फिरवलेली असते. ओठाची ताणलेली कडी त्या खोबणीत बसते, म्हणून चकती निसटत नाही. ही खोबण किती गुळगुळीत असली पाहिजे याचा विचार करा. आपण भांड्याची कड घोटतो ती डोळ्यांना बरी दिसावी म्हणून. इथे कडेवर वाळूचा एक कण उभा राहिला तर तो रोज ओठाला घासणार. चकतीवर कोरलेली नक्षी असते, काहींना मधोमध भोकही असते. रंग तांबडा, काळा किंवा मातीचा मूळचा असतो.

आणि म्हणूनच मला 'चकती' हा शब्द पसंत आहे. ताटली म्हटले की तिच्यात काहीतरी वाढायचे असते, तबकडी म्हटले की ती वाजायला लागते, आणि ओष्ठपट्टिका ऐकून जखमेवरची पट्टी डोळ्यांसमोर येते. ओठातली चकती असे साधे लिहावे. त्यांच्या भाषेत तिला 'धेबी' म्हणतात असे मी वाचले आहे. नदीपार यांनी खात्री करावी.

नदीपार

होय, 'धेबी' हाच शब्द आहे. ओठातली चकती असे स्पष्ट करायचे असेल तर 'धेबी आ तुगोइन' असे म्हणतात. लेखात एकदा तो शब्द द्यावा आणि पुढे चकती म्हणावे.

वैद्यकीय_वाचक

'विद्रूपीकरण' या शब्दाविषयी मलाही आपल्यासारखेच वाटते, परंतु चर्चेत दुसरी बाजूही यावी म्हणून लिहितो.

तोंडाभोवती स्नायूचे एक कडे असते. खालचा ओठ आडवा कापला की त्या कड्याचा खालचा भाग हनुवटीपासून सुटा होतो आणि त्याची कडी तयार होते. हळूहळू ताण दिला की त्वचा नुसती रबरासारखी ओढली जात नाही, तिथे नवीन पेशी तयार होतात आणि त्वचा खरोखर वाढते. भाजलेल्या रुग्णांसाठी शल्यचिकित्सक त्वचेखाली फुगा ठेवून महिनोन्महिने तो थोडा थोडा भरत जातात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. मुर्सी मुली खुंटी बदलताना जो धीर धरतात त्याला शारीरिक कारण आहे. घाई केली तर ओठ फाटतो. खालच्या जबड्यातले पुढचे दात काढले जातात, जेणेकरून चकतीला जागा मिळते. चकती काढल्यावर ओठाची कडी हनुवटीखाली लोंबत राहते. दोन्ही ओठ मिटून उच्चारायच्या अक्षरांवर, म्हणजे ब आणि म यांसारख्या व्यंजनांवर, याचा परिणाम होतो आणि लाळ सांभाळावी लागते.

जखम ती जखमच असते, दवाखाना दूर असेल तर ती चिघळण्याचा धोका असतो, आणि पंधरा वर्षांच्या मुलीची संमती किती मोकळी असते हा प्रश्न कोणत्याही समाजात विचारलाच पाहिजे. इथिओपियातले सरकारी अधिकारी ही प्रथा अपायकारक म्हणून सोडायला सांगतात, त्यामागे हाच युक्तिवाद असतो. मात्र त्यांच्या बोलण्यात पुष्कळदा आरोग्यापेक्षा 'मागासलेपणा'ची लाज जास्त असते, आणि अशा लाजेने कोणाची जखम बरी झाल्याचे मी पाहिलेले नाही. म्हणून माझी सूचना अशी की 'ओठ कापणे' असे सरळ क्रियापद वापरावे. 'विद्रूपीकरण' निकाल देऊन टाकते, आणि नुसते 'संस्कार' म्हटले तर वेदना पुसली जाते.

पायवाट

मी २०१३ मध्ये तिथे गेले होते. छायाचित्राविषयीच्या तुमच्या शंकेचे उत्तर देऊ शकते, आणि थोडे मनातलेही लिहायचे आहे.

पर्यटक जिंका या गावात मुक्काम करतात आणि पहाटे गाडीने मागो राष्ट्रीय उद्यानातून मुर्सींच्या एखाद्या वस्तीवर जातात. उन्हे वर येण्याआधी परतायचे असते. आमची गाडी थांबताच बायका, मुली, मुले भोवती जमली. दर माणशी दर छायाचित्राला ५ बिर (बिर हे इथिओपियाचे चलन) असा भाव होता आणि कॅमेऱ्याची कळ दाबल्याचा आवाज त्या स्वतः मोजत होत्या; दोनदा दाबली तर दोनदाचे पैसे. ज्यांच्याकडे आमचे लक्ष गेले नाही त्यांनी डोक्यावर आणखी काही चढवले: कोणी शिंगे, कोणी सुळे, कोणी चक्क उपडी टोपली. त्यांनी रीत अचूक ओळखली होती. आम्ही जे वेगळे दिसेल तेच टिपणार, म्हणून त्या वेगळ्या दिसत होत्या. तुमच्या लेखातले छायाचित्र याच बाजारातले आहे, आणि ओळीतला 'दैनंदिन' हा शब्द सपशेल खोटा आहे.

मी पस्तीस-चाळीस मिनिटे तिथे होते. निघताना माझा हातरुमाल राहिला म्हणून मी परत फिरले, तेव्हा ज्या बाईचे मी छायाचित्र घेतले होते ती एका झोपडीच्या सावलीत बसलेली दिसली. तिने दोन्ही हातांच्या बोटांनी ओठाची कडी एका बाजूने खोबणीतून हलकेच उचलली, चकती काढली, हाताच्या पंजाने पुसली आणि मांडीशेजारी ठेवली. मग शेजारणीला काहीतरी सांगून ती मोठ्याने हसली. त्या चाळीस मिनिटांत मी तिला हसताना पाहिले नव्हते. माझा हात कॅमेऱ्याकडे गेला. तिने ते पाहिले आणि तळवा उभा धरून नको म्हटले. या वेळी पैसेही मागितले नाहीत. मी कॅमेरा खाली केला.

त्या बायकांना पैसे हवे असतात यात कमीपणा काही नाही. ओमोवरचे गिबे ३ धरण २०१६ मध्ये रीतसर सुरू झाले आणि खालच्या खोऱ्यातला दरवर्षीचा पूर थांबला. नदीकाठची ज्वारी त्या पुरावर होत असे. पैशाची गरज वाढली आहे, कमी झालेली नाही. त्यामुळे कोणी 'अस्सलपणा विकला' असे लिहू लागले की मला फार वाईट वाटते.

तिथे मी एक चकतीही विकत घेतली होती. ती अजून माझ्याकडे आहे.

शब्दवेल्हाळ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. लेखकाला हा धागा पाठवला आणि त्यांनी देज व गुलामांचा व्यापार हे दोन्ही परिच्छेद काढण्यास आनंदाने संमती दिली. चकती केव्हा घालतात, केव्हा काढतात यावर ते नवीन भाग लिहीत आहेत.

दोन गोष्टी राहिल्या. लेखात पुरुषांविषयी जेमतेम अर्धी ओळ आहे. शरीरालंकार म्हणजे केवळ बायकांचा विषय अशी वाचकाची समजूत होईल. आणि पायवाटताई, चकती न घातलेल्या स्त्रीचे एखादे छायाचित्र आपल्याकडे आहे का? ते छापता आले तर आधीच्या चित्राचा खोटेपणा आपोआप दूर होईल.

नदीपार

पुरुषांविषयी थोडक्यात लिहितो, कारण खरे तर त्यावर स्वतंत्र लेख व्हावा.

कानाच्या पाळ्या टोचून ताणणे आणि त्यात लाकडी किंवा मातीच्या चकत्या घालणे हे मुलगे व मुली दोघांतही आहे. त्वचेवरचे व्रण हाही दोघांचा अलंकार आहे: काट्याने त्वचा उचलायची, पात्याने छेद द्यायचा आणि जखम भरताना उठून येणाऱ्या वणांच्या रांगांनी दंडावर, खांद्यावर किंवा पोटावर नक्षी उमटवायची. लेखकाने याला 'गोंदण' म्हटले असेल तर तेही बदला. गोंदणात रंग त्वचेत जातो. इथे रंग नाही, उंचवटा आहे, आणि तो डोळ्यांइतकाच बोटांना कळतो.

तरुणांचे खरे नटणे दिसते ते काठ्यांच्या द्वंद्वात. त्याला 'थागिने' म्हणतात आणि ते मुख्यतः अविवाहित तरुणांचे असते. पंजावर वेताचे विणलेले कवच, पोटऱ्यांवर कातड्याच्या पट्ट्या, छातीवर बिबट्याचे कातडे, कमरेला गाईच्या गळ्यातली घंटा, आणि अंगावर पांढऱ्या मातीचे पट्टे. यातले काही रक्षणासाठी आहे, काही मिरवण्यासाठी, आणि दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. प्रतिस्पर्ध्याला ठार मारायला सक्त मनाई असते. स्त्रियांच्याही अशा झुंजी असतात, मनगटातल्या धातूच्या कड्यांनी केलेल्या.

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला या साऱ्याच्या मुळाशी वाटते. मुर्सी भाषेतली रंगांची नावे ही गुरांच्या अंगावरच्या रंगांची नावे आहेत. 'गोलोन्यी' म्हणजे तांबडा, 'कोरोइ' काळा, 'होली' पांढरा. टर्टन यांनी १९८० मध्ये यावर लिहिले आहे: रंगाचा एखादा नमुना हातात दिला की त्या रंगाचे जनावर कोणते, असाच विचार मुर्सी माणूस करतो. तरुण आपल्या आवडत्या बैलाच्या रंगावरून नाव धारण करतो, त्याच्यावर गाणी रचतो. मातीचे_हात यांनी ज्या तांबड्या आणि काळ्या चकत्या म्हटल्या, त्या रंगांची नावेही गोठ्यातूनच आलेली आहेत. लेखात हे आले तर ओठ, कातडी आणि गुरे या तीन वेगळ्या गोष्टी वाटणार नाहीत.

पायवाट

शब्दवेल्हाळ, तसे छायाचित्र माझ्याकडे नाही. तिने नको म्हटले होते. दुसऱ्या कोणी घेतलेले मिळाले तरी ते विचारून घेतलेले आहे का, हे आधी बघावे अशी विनंती आहे. त्याऐवजी माझ्याकडच्या चकतीचे छायाचित्र पाठवते. व्यास ११ सेंटिमीटर, रंग तांबूस, वर आडव्या-उभ्या कोरलेल्या रेषा. एका वृद्ध स्त्रीने ती मला विकली आणि तिच्या तरुणपणी ती हीच घालत असे, असे आमच्या वाटाड्याने सांगितले होते.

मातीचे_हात

पायवाटताई, एक विचारू का? खोबणीत बोट फिरवून पाहाल का? घासून गुळगुळीत, किंचित तेलकट लागते आहे, की खरखरीत?

पायवाट

आत्ताच पाहिले. खरखरीत आहे. एका ठिकाणी तर भाजण्याआधी नखाने माती ओढल्याची रेघ तशीच आहे, कडेवर बारीक कणही लागतात. दहा-बारा वर्षे ती काचेच्या कपाटात ठेवली आहे, पण खोबणीत बोट घालून पाहायचे कधी सुचले नाही.

मातीचे_हात

मग ही कोणाच्या ओठात कधी बसलेली नाही. अशी कड ओठाला दोन दिवसही सहन होणार नाही. ती पाहुण्यांना विकण्यासाठीच घडवलेली असणार. तरीही जाडी एकसारखी असेल आणि कुठे चीर नसेल, तर घडवणारीचा हात कसलेला आहे.

शब्दवेल्हाळ

जुने छायाचित्र काढून टाकत आहे आणि हे घेत आहे. खालची ओळ अशी देईन: 'धेबी, अर्थात ओठातली चकती. भाजलेली माती, व्यास ११ सेंटिमीटर. मुर्सी स्त्रीने पर्यटकांना विकण्यासाठी घडवलेली, न वापरलेली.' पायवाटताई, मोठ्या आकारातली प्रत पाठवावी, आणि जमल्यास एक छायाचित्र कडेचेही घ्यावे, म्हणजे ती नखाची रेघ दिसेल.